‘इन्क्विझिशन’ला मराठीत काय म्हणायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्याकडे सध्या भाषांतराची दोन कामं आहेत. एका इंग्रजी कादंबरीत मुलगी रात्री उशिरा घरी येते आणि आई दारातच तिचं ‘इन्क्विझिशन’ सुरू करते. दुसरं हस्तलिखित जुन्या गोव्यावरचं आहे आणि त्यात तोच शब्द पानोपानी आहे. शब्दकोशाने ‘कसून केलेली चौकशी’ आणि ‘धर्मछळ’ असे दोन अर्थ दिलेत. आई काही छळ करत नाही, आणि गोव्यात जे झालं त्याला नुसती चौकशी म्हणवत नाही. मग एकच शब्द दोन्हीकडे कसा, आणि मराठीत काय लिहायचं?

मी अठ्ठावीस वर्षं इंग्रजी आणि पोर्तुगीजमधून मराठीत भाषांतरं करते. निम्मं काम कोर्टाच्या कागदांचं, उरलेलं इतिहासाचं. हा शब्द दोन्ही वाटांनी माझ्याकडे आलाय आणि एकदा त्याच्या आसपास मी एक मोठी चूकही केलीय. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

कोशातले दोन्ही अर्थ बरोबर आहेत, पण त्यांना जोडणारा मधला धागा कोशात सुटलाय. तो धागा असा: जिथे आरोप ठेवणारा, प्रश्न विचारणारा आणि निकाल देणारा एकच असतो, साक्षीदार कोण हे आरोपीला कळू देत नाहीत, आणि त्याच्याकडून माहिती मिळवण्यापेक्षा कबुली मिळवायची असते, ती चौकशी म्हणजे इन्क्विझिशन. उत्तर आधी ठरलेलं असतं, प्रश्न नंतर येतो. आईच्या बाबतीत हा शब्द अतिशयोक्तीने वापरलाय आणि गोव्याच्या बाबतीत अक्षरशः, पण दोन्हीकडे आकार हाच आहे.

आता मुळाकडे येते. लॅटिनमध्ये ‘क्वेरेरे’ म्हणजे शोधणं. ‘इन्क्विरेरे’ म्हणजे खोल शिरून शोध घेणं, त्यावरून ‘इन्क्विझितिओ’. इंग्रजीतले क्वेश्चन, क्वेरी, इन्क्वायरी हे सगळे याच गोतावळ्यातले. आपल्याकडे कुणाचा संशयास्पद मृत्यू झाला की पोलिस ‘इन्क्वेस्ट पंचनामा’ करतात, तो इन्क्वेस्टही त्यांच्यातलाच. म्हणजे शब्दशः पाहिलं तर ‘चौकशी’ हे भाषांतर बिनचूक ठरतं. मूळ शब्दात धर्म नाही आणि छळही नाही.

छळ त्यात शिरला कसा, ते समजून घेतल्याशिवाय हा शब्द वापरू नये असं माझं मत आहे. रोमन कायद्याच्या जुन्या पद्धतीत फिर्यादीला स्वतः पुढे यावं लागे. आरोप शाबीत करायचा तो त्यानेच, आणि शाबीत झाला नाही तर शिक्षा त्याच्यावर उलटण्याची भीती. ‘इन्क्विझितिओ’ ही त्याहून वेगळी पद्धत. इथे फिर्यादी लागत नाही. अमक्याविषयी गावात बोलवा आहे, एवढ्यावर न्यायाधीश स्वतःच चौकशी सुरू करतो. तिसरा इनोसंट या पोपने १२१५ साली भरवलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेत ही पद्धत चर्चच्या कायद्यात पक्की झाली. त्याच परिषदेने पाद्र्यांना दिव्यात भाग घ्यायला मनाई केली. दिव्य म्हणजे आपल्याला माहीत आहे तेच. उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा काढायचा, हात भाजला नाही तर माणूस खरा. आपल्याकडे वतनाच्या भांडणांत रवादिव्य होत असे. युरोपात लोक तापलेलं लोखंड हातात धरत. त्या पार्श्वभूमीवर ‘देवाला कौल लावू नका, साक्षीपुरावे तपासा’ असं म्हणणारी पद्धत त्या काळच्या लोकांना सुधारणाच वाटली असणार. मला हा भाग फार अस्वस्थ करतो. वाईट हेतूने सुरू झालेली गोष्ट वाईट थराला गेली तर समजू शकतं. ही गोष्ट तशी सुरू झाली नव्हती.

घोडं अडलं ते पुराव्याच्या नियमाशी. गंभीर गुन्ह्याला शिक्षा द्यायची तर दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हवेत, नाहीतर आरोपीची स्वतःची कबुली, असा दंडक होता. चोरीला प्रत्यक्षदर्शी मिळेल. मनातल्या श्रद्धेला कुठून आणणार? म्हणून सगळा भार कबुलीवर आला. १२३१ पासून नववा ग्रेगरी या पोपने धर्मभ्रष्टतेच्या चौकशीसाठी खास माणसं नेमायला सुरुवात केली, बहुतेक डोमिनिकन पंथाचे साधू. १२५२ साली चौथ्या इनोसंटने कबुलीसाठी यातना द्यायला परवानगी दिली. मर्यादा घातल्या होत्या: अवयव तुटता कामा नये, जीव जाता कामा नये. यातना एकदाच द्यायची, असाही दंडक मानला जाई. त्यावर निकोलाउ एइमेरिक या कातालान इन्क्विझिटरने १३७६ च्या सुमारास लिहिलेल्या मार्गदर्शक ग्रंथात तोड काढलेली आहे: पुन्हा सुरू करायची नाही, पण आधीची ‘पुढे चालू’ ठेवता येते. यातनागृहात दिलेला कबुलीजबाब नंतर, दोऱ्या सोडल्यावर, दुसऱ्या जागी आरोपीकडून पुन्हा वदवून घेत आणि त्याने तो ‘स्वखुशीने’ दिला अशी नोंद करत. तो ‘स्वखुशीने’ शब्द मी जुन्या कागदांत वाचते तेव्हा पेन खाली ठेवून थोडा वेळ थांबावं लागतं.

आणि इथेच माझी ती चूक. कामाला लागून चार-पाच वर्षं झाली असतील. सतराव्या शतकातल्या एका खटल्याविषयीचा इंग्रजी लेख मराठीत करत होते. त्यात कैद्याविषयी वाक्य होतं की त्याला सकाळी ‘पुट टू द क्वेश्चन’. मी लिहिलं, ‘सकाळी त्याला प्रश्न विचारण्यात आला.’ वाक्य छापून आलं. पुढच्याच ओळीत त्याच माणसाला हाताने चमचा धरता येत नव्हता, हेही मीच भाषांतरित केलं होतं, तरी मला शंका आली नाही. एका वाचकाने पत्र पाठवून विचारलं की नुसत्या प्रश्नाने हात कसे निकामी झाले? मग शोधत गेले. फ्रेंच न्यायव्यवस्थेत ‘केस्त्यों’, म्हणजे साधा ‘प्रश्न’, हाच यातनेचा अधिकृत शब्द होता. त्याच्या ‘साधारण’ आणि ‘असाधारण’ अशा दोन पायऱ्या होत्या. सोळाव्या लुईने १७८० आणि १७८८ साली तो दोन टप्प्यांत रद्द केला. ‘प्रश्नाला घालणं’ म्हणजे यातना देऊन विचारणं. त्या कैद्याची वेदना माझ्या हातून एका सरळ वाक्यात पुसली गेली होती. आज इतक्या वर्षांनी त्याची मला लाज वाटते. तुमच्या हस्तलिखितात हा वाक्प्रचार आला तर सावध राहा.

स्पेनची गोष्ट बहुतेकांना ऐकून माहीत असते, म्हणून पटकन सांगते. १४७८ मध्ये पोपने परवानगी दिली, पण नेमणुका राजा-राणीच्या हातात गेल्या. १४८३ पासून तोर्केमादा हा मुख्य इन्क्विझिटर. पकड मुख्यतः ख्रिस्ती झालेल्या ज्यूंवर आणि पुढे ख्रिस्ती झालेल्या मुसलमानांवर. १८३४ मध्ये शेवट. पोर्तुगालमध्ये १५३६ ते १८२१. रोममध्ये १५४२ साली तिसरी शाखा निघाली. जोर्दानो ब्रूनोला १६०० साली जाळलं ते हिच्या निकालावरून, आणि १६३३ साली गॅलिलिओला गुडघे टेकायला लावलं तेही हिनेच. यातला एक मुद्दा भाषांतरकाराने लक्षात ठेवायला हवा. इन्क्विझिशनचा अधिकार तत्त्वतः बाप्तिस्मा झालेल्या माणसावर चालायचा. जो ज्यू ज्यूच राहिला तो या न्यायासनाच्या नेहमीच्या कक्षेबाहेर. ज्याने बाप्तिस्मा घेतला आणि घरात गुपचूप शनिवार पाळला, तो कक्षेत. १४९२ साली स्पेनमधून ज्यूंना हाकलून दिलं तो राजाज्ञेचा भाग होता. छळ दोन्हीकडे आहे, यंत्रणा मात्र वेगवेगळ्या.

आता गोवा. इथे मी रेंगाळणार आहे.

फ्रान्सिस झेवियरने १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून हिंदुस्थानात इन्क्विझिशन हवं अशी मागणी केली होती. प्रत्यक्षात ते १५६० साली, त्याच्या मृत्यूनंतर, गोव्यात आलं. न्यायासनाची जागा म्हणजे जुन्या गोव्यात से कॅथेड्रलजवळचा आदिलशाही काळातला वाडा. लोक त्याला ‘व्हडलें घर’ म्हणत, म्हणजे मोठं घर. मला या नावाइतकं बोलकं दुसरं काहीच वाटत नाही. ज्या जागेचं खरं नाव तोंडाने घ्यायची छाती होत नाही, तिला माणसं असं काहीतरी साधं नाव देतात. आज त्या वाड्याचा मागमूस उरलेला नाही. या न्यायासनाचा अधिकार केप ऑफ गुड होपपासून मकावपर्यंत, पोर्तुगिजांच्या पूर्वेकडच्या सगळ्या मुलखावर होता. म्हणजे वसई, चौल, दमण हेही त्यात आले. उत्तर कोकणातला माणूस हा इतिहास फक्त गोंयकारांचा समजतो, तेव्हा त्याने हे ध्यानात घ्यावं.

शार्ल देलों हा फ्रेंच डॉक्टर दमणमध्ये राहत होता. चोवीस वर्षांचा. बाप्तिस्म्याविषयी, मूर्तींविषयी आणि खुद्द इन्क्विझिशनविषयी गप्पांच्या ओघात काही बोलून गेला. १६७३ साली त्याला उचललं, वसईमार्गे गोव्याला आणून व्हडल्या घरात टाकलं. तिथे पहिल्याच सुनावणीत आरोप सांगायची पद्धत नव्हती. उलट आरोपीलाच विचारायचे: तुला का धरलंय हे तुला माहीत आहे का? सगळं आठव आणि सांगून टाक. देलोंने आठवेल तेवढं सांगितलं. ते पुरेसं मानलं गेलं नाही. कोणी चुगली केली, नेमकं काय ऐकलं, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. निराश होऊन त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रोज सकाळी यातना सोसणाऱ्यांच्या किंकाळ्या कोठडीपर्यंत येत, असं त्याने पुढे १६८७ साली छापलेल्या आठवणींत लिहिलंय. १६७६ च्या जानेवारीत शिक्षा सुनावण्याच्या जाहीर सोहळ्यात त्याला अनवाणी चालवलं. या सोहळ्याचं नाव ‘आउतो-दा-फे’, म्हणजे श्रद्धेचं कृत्य. कैद्याला कोणता झगा घालायला देतात त्यावरून त्याचं नशीब कळायचं: झग्यावर वर चढणाऱ्या ज्वाळा रंगवल्या असतील तर जाळणार; ज्वाळा खाली वळवलेल्या असतील तर कबुली देऊन माणूस वाचलेला; नुसता फुलीचा पिवळा झगा असेल तर त्याहून हलकी शिक्षा. देलोंच्या हातात पिवळा झगा आला. पाच वर्षं गलबतांवरची सक्तमजुरी, मालमत्ता जप्त, हिंदुस्थानातून हद्दपार. ही ‘हलकी’ शिक्षा.

गार्सिया द ओर्ताचं नाव औषधी वनस्पतींमुळे अनेकांना ठाऊक असतं. मुंबई बेट काही काळ याच माणसाच्या भाडेपट्ट्यावर होतं. हिंदुस्थानातल्या औषधींवरचा त्याचा पोर्तुगीज ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. तो ‘नवख्रिस्ती’, म्हणजे ज्यू घराण्यातला. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गुपचूप ज्यू धर्म पाळल्याबद्दल जाळण्यात आलं. आणि १५८० साली ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढून जाळली. मेलेल्या माणसावरही खटला चालतो आणि त्याला दोषी ठरवता येतं, हे ‘कसून चौकशी’ या शब्दांत बसतं का, तुम्हीच बघा.

पण बहुतेक आरोपी देलों-ओर्तासारखे नव्हते. १५६१ ते १७७४ या काळात सोळा हजारांहून अधिक माणसांवर खटले चालले, आणि त्यातले बरेचसे नव्याने ख्रिस्ती झालेले इथलेच साधे लोक. गुन्हा काय, तर जुन्या चालीरीती सोडल्या नाहीत. एप्रिल १७३६ मधला इन्क्विझिशनचा एक जाहीरनामा आहे. दारातली तुळस उपटा. लग्नात वधूवरांना हळद लावायची नाही. विडे-सुपाऱ्या वाटायच्या नाहीत. पुरुषांनी पुडवें, म्हणजे धोतर, नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. बिनमिठाचा भात शिजवायचा नाही, कारण हिंदू तसा शिजवतात. हे शेवटचं कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या आजीची चूल डोळ्यांसमोर आली. भातात मीठ पडलं की नाही हे कोणाला कळणार? घरातल्या मोलकरणीला. परसातून उसनं मागायला आलेल्या शेजारणीला. रुसून माहेरी गेलेल्या सुनेला. कायदा भाताच्या तपेल्यापर्यंत पोचला की साक्षीदार घरातलाच लागतो, आणि मग त्या घरात कोणी कोणाशी मोकळं बोलत नाही. इन्क्विझिशन म्हटलं की लोकांना आग आठवते. जाळले गेलेल्यांची संख्या खटल्यांच्या मानाने थोडी होती. त्या सोळा हजारांपैकी बहुतेकांना आगीपेक्षा हे रोजचं, तोंडं बंद करणारं भय भोगावं लागलं.

१७७४ मध्ये पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने हे न्यायासन बंद केलं, १७७८ मध्ये ते परत सुरू झालं आणि १८१२ मध्ये कायमचं उठलं. खटल्यांचे मूळ कागद बहुतेक नष्ट करण्यात आले. अ. का. प्रियोळकर या मराठीच्याच संशोधकाने जे हाती लागलं त्यातून १९६१ साली या विषयावर इंग्रजीत ग्रंथ सिद्ध केला, याबद्दल आपण त्यांचं ऋण मानायला हवं.

एक गोष्ट मात्र तुमच्या हस्तलिखिताच्या लेखकाशी बोलून घ्या. गोव्यातलं सोळाव्या-सतराव्या शतकातलं प्रत्येक दुःख इन्क्विझिशनच्या खात्यावर लिहायची सवय मराठी लेखनात फार आहे. तिसवाडीतली देवळं १५४० च्या दशकातच पाडली गेली होती, तेव्हा इन्क्विझिशन आलंही नव्हतं. गोव्यातल्या साष्टीतली देवळं १५६७ च्या सुमाराला राशोलच्या कप्तानाच्या हुकमाने गेली. कुशस्थळीचा मंगेश १५६० साली जुवारी ओलांडून प्रियोळला नेला, तसेच इतर देव अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात, हलवले गेले, ते देवळं पाडण्याच्या या सरकारी-धर्मखात्याच्या धोरणामुळे. कोकणी बोलण्यावर बंदी घालणारा १६८४ चा हुकूम व्हाइसरॉयचा होता. हिंदूंनाही व्हडल्या घरात ओढलं जाई, धर्मांतराला अडथळा केला वगैरे कारणांवरून, पण त्या न्यायासनाचा मुख्य रोख बाप्तिस्मा झालेल्यांवर होता. ज्या घराण्यांनी रातोरात देव खांद्यावर घेऊन नदी ओलांडली, त्यांचं दुःख या तपशिलाने तीळभरही कमी होत नाही. माझ्या आजोळची माणसं त्यातलीच. पण कोणी काय केलं ते नीट लिहिलं नाही तर आपणही ‘बोलवा आहे’ म्हणून निकाल देणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो. म्हणून यंत्रणेचं नाव ‘इन्क्विझिशन’, आणि एकूण धोरणासाठी ‘धार्मिक छळ’ किंवा ‘धर्मछळ’. दोन्ही शब्द आपापल्या जागी ठेवा.

शक्य झालं तर हे प्रकरण छपाईला जाण्याआधी पणजीला फोंताइन्हासमधल्या सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलमध्ये जाऊन या. तिथला क्रूस मूळचा व्हडल्या घरातला. १८१२ नंतर तो पणजीच्या आदिलशहाच्या वाड्यात गेला आणि १९१८ मध्ये या चॅपेलमध्ये आला. एरवी क्रूसावरच्या येशूची मान खाली झुकलेली आणि डोळे मिटलेले असतात. इथे मान ताठ आहे आणि डोळे उघडे. आरोपीला त्या नजरेसमोर उभं राहून बोलावं लागे. मी गेले तेव्हा दुपार होती, एक बाई पुढच्या बाकाजवळ फुलं बदलत होती, आणि मला तिथून त्या डोळ्यांकडे पाहून कुठल्याही प्रश्नाला सरळ उत्तर देता आलं असतं असं वाटलं नाही.

आता मराठी शब्दांकडे. पहिली सूचना ‘उलटतपासणी’बद्दल. हा शब्द ऐतिहासिक अर्थाने कधीही वापरू नका. कोर्टात उलटतपासणी म्हणजे विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराला आपल्या वकिलाने प्रश्न विचारणं. तो आरोपीचा हक्क आहे. इन्क्विझिशनने नेमका तोच हक्क काढून घेतला होता. साक्षीदाराचं नावच कळत नाही तर त्याची उलटतपासणी कोण घेणार? आपला कायदा किती वेगळ्या वाटेने गेला ते यातून दिसतं. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा धरता येत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ मध्ये होतं आणि २०२३ च्या नव्या कायद्यातही कलम २३ मध्ये कायम आहे. घटनेचं कलम २०(३) सांगतं की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. कोर्टाचे कागद भाषांतरित करताना मला हे दोन नियम व्हडल्या घराचं उत्तर वाटतात.

‘झाडाझडती’, ‘धारेवर धरणं’, ‘फैलावर घेणं’ हे शब्द जोरकस आहेत, पण त्यांत रागावणं जास्त आणि विचारणं कमी. ‘प्रश्नांची सरबत्ती’ पत्रकार परिषदेत शोभते. ‘धर्मसमीक्षण सभा’ हा शब्द काही मराठी लेखनात दिसतो, पण ‘समीक्षण’ म्हटलं की मला पुस्तक परीक्षण आठवतं. त्यात भीतीचा लवलेश नाही. ‘धर्मन्यायालय’ ठीक आहे, मी ‘धर्मन्यायासन’ जास्त पसंत करते.

‘ग्रामण्य’, म्हणजे धर्माचार मोडल्याबद्दल जातीने घातलेला बहिष्कार, हा आपला घरचा शब्द सुचेल. मलाही सुचला होता. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि इतर मंडळींच्या पुढ्यात चहा-बिस्किटं आली, नावं वर्तमानपत्रात छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि पुष्कळांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. खाण्यापिण्यावरून धर्माची चौकशी, हे साम्य खरं आहे आणि ते आपण प्रामाणिकपणे मान्य करावं. बहिष्काराने माणसं उद्ध्वस्त होत, हेही खरं. पण तिथे आरोप करणारा उघड होता, शास्त्राधाराने वाद घालता येत होता, कोठडी नव्हती, दोरी नव्हती. म्हणून ग्रामण्याला ग्रामण्यच म्हणावं आणि इन्क्विझिशनला इन्क्विझिशन.

दोन शब्द मात्र मला फार जवळचे वाटतात. हिंदीत ‘जाँच’ म्हणजे तपासणी, आपल्याकडे ‘जाच’ म्हणजे सततचा त्रास. मूळ एक असो वा नसो, कानाला ते सख्खे लागतात, आणि इन्क्विझिशनमध्ये एकातून दुसरं झालं. दुसरा ‘छळ’. संस्कृतात ‘छल’ म्हणजे कपट. मराठीत येताना त्याला यातनेचा अर्थ आला. ‘सगळं सांगून टाक, दया होईल’ असं म्हणत कबुली काढायची, यात कपट आणि यातना दोन्ही होती.

‘हेरेसी’ला, म्हणजे चर्चच्या शिकवणीविरुद्धच्या मताला, ‘पाखंड’ चालेल, एवढं भान ठेवून की दोन्ही शब्द मुळात निरुपद्रवी होते. ग्रीकमध्ये ‘हायरेसिस’ म्हणजे निवड. आणि अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ म्हणजे नुसता पंथ. सगळ्या पासंडांचा आदर करा, असं तो सांगतो.

तर तुमच्या कादंबरीत ‘आईने दारातच जबानी घ्यायला सुरुवात केली’ असं लिहा. मराठी आई असती तर मुलगी म्हणाली असती, ‘काय पोलिसासारखी विचारतेस गं?’ तोच सूर राहू दे. तिथे इन्क्विझिशन शब्द नको. गोव्याच्या प्रकरणात मात्र ‘इन्क्विझिशन’ तसंच ठेवा, पहिल्या उल्लेखाला ‘म्हणजे धर्मन्यायासन’ एवढी पुस्ती जोडा, आणि नपुंसकलिंगी वापरा. ‘व्हडलें घर’ कोकणीतच राहू द्या, त्याचं मराठी करू नका.

आणि इंग्रजी मजकुरात कुठे एखाद्या कैद्याला ‘रिलॅक्स्ड’ केलं असं आढळलं तर ‘सोडून दिलं’ लिहायच्या आधी थांबा. चर्च स्वतः रक्त सांडत नसे. ज्याला जाळायचं त्याला सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाली करत, आणि कागदोपत्री त्याला हा शब्द होता. तुमच्या प्रकरणात कातारिना द ओर्ताच्या परिच्छेदात तो बहुतेक येईल. तिथे ‘जाळण्यासाठी सरकारच्या ताब्यात दिलं’ असं लिहा.